वाडा घ्यावा, पण विहीर पाहून

आज महाराष्ट्राच्या अनेक खेड्यांतून जुने वाडे विक्रीस निघत आहेत. कोणे एके काळी ज्यांच्या दिंडीदरवाजाकडे पाहण्याचीही छाती होत नसे, त्या वाड्यांना आज कुलपे आहेत. मालकांची मुले पुण्यामुंबईस, कोणी परदेशी स्थायिक झाली. माळवदावर गवत माजले, परसात घाणेरी वाढली, आणि वाड्यालगतची दोनचार एकर जमीन अर्धेलीने कसली जाते किंवा पडीक राहते. अशा वेळी 'घर व जमीन एकत्र द्यावयाची आहे' असा निरोप फिरू लागतो आणि तो आता आपल्या वस्तीतही येतो. रेल्वेत, टपालखात्यात, शाळेत वा बँकेत तीस-तीस वर्षे इमाने इतबारे नोकरी करून निवृत्त झालेल्या आपल्या बांधवांच्या गाठीस चार पैसे आहेत. साहजिकच प्रश्न उभा राहतो की, हा वाडा व ही जमीन घ्यावी काय?

या प्रश्नावर आपल्यात दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, अवश्य घ्या. ज्या पायरीखाली आजोबा जोहार घालीत उभे राहिले, त्या पायरीवर नातवाने खुर्ची टाकून बसावे, याहून मोठा विजय कोणता? दुसरा पक्ष म्हणतो, बाबासाहेबांनी गाव सोडावयास सांगितले असता पुन्हा गावाच्या चिखलात पाय घालणे हे निव्वळ मूर्खपणाचे आहे. दोन्ही पक्षांचा आवेश आम्ही समजू शकतो. पण आमच्या मते दोघांचीही नजर वाड्याच्या दरवाजावर खिळली आहे. एकाला त्यात सूड दिसतो, दुसऱ्याला अपमान दिसतो. त्या दरवाजामागची जमीन कशी आहे, विहिरीस पाणी किती आहे आणि कागदावर मालकी कोणाची आहे, हे मात्र कोणीच विचारीत नाही. कुटुंबाचे बरेवाईट ठरणार आहे ते याच तीन प्रश्नांवर.

जमिनीचा प्रश्न आपल्यास नवा नाही. महारांस वतन म्हणून जी जमीन मिळे, ती जमिनीच्या नावाखाली घातलेली बेडी होती. त्या तुटपुंज्या तुकड्याच्या व बलुत्याच्या मोबदल्यात सरकारी निरोप पोचविणे, गावाची राखण करणे, मेलेले ढोर ओढणे अशी अहोरात्र चाकरी माथी मारलेली असे. या बेडीवर घाव घालण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. पुढे १९३७ मध्ये कोकणातील खोती नष्ट करण्याचे बिल त्यांनी मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलावर नेला. कनिष्ठ वतने खालसा करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. त्यानंतर कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनचा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात हजारोंनी तुरुंग पाहिला. म्हणून ज्या समाजाने एकेक एकरासाठी तुरुंग भोगला, त्याच्या एखाद्या कुटुंबाने स्वकष्टाच्या पैशाने, नोंदलेल्या खरेदीखताने, कोणाचीही चाकरी न पत्करता जमीन घ्यावी, ही घटना क्षुद्र नाही. वतनाची जमीन आपल्यास बांधून ठेवी. खरेदीची जमीन आपण हवी तेव्हा विकू शकतो, आणि स्वातंत्र्याची खूण तीच आहे.

परंतु 'बाबासाहेबांनी गाव सोडावयास सांगितले' या आक्षेपाला प्रामाणिकपणे उत्तर दिले पाहिजे. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी केलेल्या भाषणात त्यांनी खेडे म्हणजे संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर असल्याचे निक्षून सांगितले, हे खरेच आहे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा व सामुदायिक पद्धतीने ती कसावी अशी मागणी केली, हेही खरे आहे. तथापि त्यांचा रोष कशावर होता? मातीवर खचित नव्हता. ज्या व्यवस्थेत अस्पृश्यास गावकुसाबाहेर राहून सवर्णांच्या दयेवर पोट भरावे लागे, त्या परावलंबनावर तो होता. जो मनुष्य गावात भाकरी मागावयास जातो आणि जो निवृत्तिवेतन खिशात घालून, स्वतःच्या नावाचा सातबारा हातात घेऊन जातो, त्या दोघांचे गावाशी नाते एक नसते. मात्र यातून दुसरा निष्कर्षही निघतो. ज्यास पोटासाठी त्या जमिनीवरच सर्वस्वी विसंबावे लागणार आहे, त्याने केवळ वाड्याच्या मोहाने शहरातील कामधंदा सोडू नये. त्याच्या बाबतीत दुसऱ्या पक्षाचे म्हणणेच योग्य आहे.

आता शेतीच्या हिशेबाकडे वळू. १९१८ साली, सत्ताविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला. त्याकाळचे पंडित म्हणत होते की, शेताचे तुकडे लहान म्हणून शेती तोट्यात. बाबासाहेबांनी दाखवून दिले की, शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही. त्या जमिनीस भांडवल व श्रम यांची जोड कोणत्या प्रमाणात मिळते, यावर ते ठरते. बैल नाही, अवजार नाही, पाणी नाही अशा शेतकऱ्यास दहा एकरही निरुपयोगी, आणि साधनसंपन्नास दोन एकरही पुरेशी. शंभर वर्षे उलटून गेली तरी हा विचार शिळा झालेला नाही. वाडा घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तो मनावर कोरून ठेवावा. ज्याने सगळी पुंजी खरेदीतच ओतली आणि विहीर, मोटार, कुंपण, जनावरे यांसाठी काही राखले नाही, त्याने पहिल्याच दिवशी आपल्या शेताचे क्षेत्र निम्मे करून टाकले.

पाण्याचा हिशेब तर अगदी शाळकरी मुलासही करता येईल. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर केवळ एक इंच पाणी उभे करावयाचे तर सुमारे १ लाख ३ हजार लिटर पाणी लागते. आता २० फूट व्यासाच्या विहिरीत १० फूट पाणी आहे असे धरा. ते भरते सुमारे ८९ हजार लिटर. म्हणजे ती विहीर तळापर्यंत उपसली तरी एका एकरावर एक इंच पाणीही होत नाही! खरा प्रश्न असा की, उपसल्यानंतर ती विहीर किती तासांत पुन्हा भरते? म्हणून विहीर श्रावणात पाहू नये, श्रावणात सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. ती वैशाखात पाहावी, मोटार चार तास चालवून पाहावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन पाणी कितपत चढले ते दोरीने मोजावे. विक्रीची घाई करणारा मालक म्हणेल, 'पाऊस पडल्यावर या.' अशा वेळी आपण घाई करू नये. पाऊस पडण्यापूर्वी जे दिसते तेच खरे.

दुसरे असे की, जुन्या विहिरीत बहुधा हिस्से असतात. कोणाचा चार आणे, कोणाचा दोन आणे, आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. विकणारा तोंडाने 'विहीर आपलीच' म्हणतो. कागदावर पाहावे तो आठवड्यातून एकच दिवस पाळी असते. ज्या समाजाने १९२७ साली महाडला पाण्याच्या एका ओंजळीसाठी डोकी फोडून घेतली, त्यातील मनुष्याने पैसे मोजून घेतलेल्या विहिरीवर दुसऱ्याची मनधरणी करावी, यासारखे दुर्दैव नाही. विहिरीतील हिस्सा, पाण्याची पाळी, पाट नेण्याची जागा, मोटारीचे वीजजोड कोणाच्या नावे आहे, या सर्व गोष्टी खरेदीखतात स्पष्ट शब्दांत आल्या पाहिजेत. तीच गोष्ट वाटेची. शेतास जाणारी वाट पाणंदीतून आहे की दुसऱ्याच्या बांधावरून, हे मोजणीच्या नकाशावर पाहावे. गावात वितुष्ट आले की पहिला घाव वाटेवर पडतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मिळविण्यासाठी आणि १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली वहिवाटीचा अडथळा दूर करण्यासाठी तहसीलदाराकडे दाद मागता येते. तथापि दाद मागण्याची पाळी येण्यापूर्वी वाट पाहून घेणे हेच शहाणपण.

आता कायद्याचा विचार करू. आपल्या राज्यात शेतजमीन ज्याने त्याने उठून घ्यावी अशी मुभा नाही. पश्चिम महाराष्ट्रास लागू असलेल्या १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी अथवा शेतमजूर नसलेल्या इसमास जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन खरेदी करता येत नाही. विदर्भास व मराठवाड्यास त्यांचे स्वतंत्र कुळकायदे आहेत. शहरात जन्मलेला, शहरात वाढलेला आपला बांधव येथेच अडतो आणि कोणी दलाल त्यास खोटा दाखला काढून देण्याचे आमिष दाखवितो. त्या वाटेस चुकूनही जाऊ नये. बेकायदा खरेदी उघडकीस आली तर जमीन शासनाकडे जाते आणि पैसेही बुडतात. खरी वाट आपल्या आजोबांच्या गावी आहे. वतनाच्या जमिनीत आपल्या घराण्याचा जो पाच-दहा गुंठ्यांचा हिस्सा असेल, त्यावर वारस म्हणून आपले नाव लागले आहे काय हे पाहावे. नसेल तर वारसनोंदीचा अर्ज करावा. तो तुकडा पिकत नसेल, त्यास बाजारात किंमत नसेल, पण शेतकरी म्हणून आपली ओळख तोच पटवितो. त्या पाच गुंठ्यांच्या बळावर पाच एकर घेता येतात.

म्हणूनच एक गोष्ट आम्ही विशेष आग्रहाने सांगतो. दुसऱ्याचा वाडा घेण्यासाठी आपली वतनी जमीन विकावयास निघू नका. १९५८ च्या कायद्याने या जमिनी पुन्हा आपल्यास मिळाल्या त्या नवीन व अविभाज्य शर्तीवर. सातबाऱ्यावर त्यांची नोंद भोगवटादार वर्ग २ अशी असते आणि पूर्वपरवानगीवाचून त्यांचे हस्तांतरण होत नाही. या शर्तीचा गैरफायदा घेऊन, कुलमुखत्यारपत्र व साठेखत यांच्या आडून, अंगठे घेऊन या जमिनी कवडीमोलाने लाटल्याची उदाहरणे शहरांच्या आसपास थोडीथोडकी नाहीत. जी जमीन आपल्या पूर्वजांच्या घामाची एकमेव शिल्लक आहे, ती देऊन कोरीव खांबांचा पडका वाडा घेणे म्हणजे गाय देऊन तिची घंटा विकत घेण्यासारखे आहे.

विकणाऱ्याच्या बाजूचे कागद पाहणे त्याहून अवघड असते, कारण जुना वाडा म्हटला की भाऊबंदकी आलीच. सातबाऱ्यावर पणजोबाचे नाव, त्यास चार मुलगे, तीन मुली आणि त्यांची मुलेबाळे चार गावी पांगलेली, असा सर्वसाधारण देखावा असतो. एक भाऊ येतो, 'सगळ्यांची संमती आहे' म्हणतो व इसार घेऊन जातो. येथे सावध राहिले पाहिजे. १९५६ चा वारसा कायदा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन व शीख यांसही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्ध केला. यास्तव वाड्याच्या लेकींच्या सह्या खरेदीखतावर असल्या पाहिजेत, नाहीतर त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी असले पाहिजे. स्त्रियांस वारसाहक्क मिळावा म्हणून हिंदू कोड बिलासाठी ज्यांनी मंत्रिपदावर पाणी सोडले, त्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी कोणा मुलीचा हिस्सा बुडवून जमीन घेऊ नये, यात नीतीही आहे आणि व्यवहारही आहे.

सातबारा, आठ-अ आणि गेल्या तीस वर्षांचे फेरफार काढून जाणत्या वकिलाकडून तपासून घ्यावेत. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा वा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, कोर्टाचा मनाई हुकूम यांपैकी काही आहे काय ते पाहावे. कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर कलम ४३ च्या अटी, आदिवासींची असेल तर तिच्यावरील कडक निर्बंध ध्यानात घ्यावेत. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा विसरू नये. २०२३ च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे असे ठरविले. हे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून खरेदीच्या दिवशी कोणता नियम लागू आहे हे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत विचारावे. शासकीय मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून घेतलेल्या कागदाने मालकी मिळत नाही. मालकी मिळते ती नोंदणीकृत खरेदीखताने.

येथे पुष्कळांची एक गैरसमजूत होते. शेताचा सातबारा असतो तसा वाड्याचा असेलच असे नाही. वाडा गावठाणात असेल तर त्याचा कागद निराळा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवून 'हीच मालकी' असे सांगितले जाते. परंतु तो उतारा घरपट्टी आकारण्यासाठी ठेवलेला आहे, मालकी सिद्ध करण्यासाठी नव्हे. गावठाणाची नगरभूमापन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक मागावे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत अनेक गावठाणांची मोजणी झाली असून तेथेही अशी पत्रके मिळतात. वाडा एखाद्या किल्ल्याच्या, मंदिराच्या वा लेण्याच्या जवळ असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. कार्ले, भाजे, जुन्नर येथील बौद्ध लेण्यांच्या सान्निध्यात घर असावे असे आपल्या पुष्कळ उपासकांस वाटते. ती भावना उदात्त आहे, पण गोठ्याची नवी भिंत घालण्यासही परवानगी लागेल हे आधी समजून घ्यावे.

आता खुद्द वाड्याकडे पाहू. सागवानी खांब, तुळया, कडीपाट, दगडी चौक, धान्याची बळदे, भिंतीतील कोनाडे हे पाहून मन भुलते. पण जुने घर किती सुंदर आहे हे पाहण्यापूर्वी ते किती सुरक्षित आहे हे पाहणे आपले कर्तव्य आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे गेली ती बहुतांशी घरांखाली दडपून. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे मातीचे थर चढवून जड झालेली माळवदे, हीच त्यांची थडगी ठरली. म्हणून मराठवाड्यातील वाडा घेणाऱ्याने वरची अनावश्यक माती उतरवून छप्पर हलके करावे, भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांस बांधून घेणारे लांब दगड आहेत काय ते पाहावे, आणि जाणत्या अभियंत्याने पाहिल्याशिवाय त्या छपराखाली मुलांस झोपवू नये. तुळयांची टोके भिंतीत जेथे शिरतात तेथे ओल व वाळवी प्रथम लागते. सळईने टोचून पाहिल्यास लाकूड आतून पोकळ आहे की कसे ते तत्काळ कळते.

दुरुस्तीतही एक चूक सर्रास घडते. मातीच्या वा चुन्याच्या भिंतीस वरून सिमेंटचा गिलावा करतात. वर्षभर भिंत गुळगुळीत दिसते. पुढे आतली ओल बाहेर पडावयास वाव राहत नाही, माती भुसभुशीत होते आणि गिलावा पोपड्यांनी गळू लागतो. चुन्याच्या घरास चुनाच लावावा, तो ओल बाहेर सोडतो आणि कारागीर शोधल्यास मिळतात. शिवाय विक्रीपूर्वी दारे, खांब, चौकटी काढून जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यास परस्पर विकण्याची चाल अलीकडे पडली आहे. ज्या स्थितीत वाडा पाहिला त्याच स्थितीत तो मिळावा म्हणून दारे, खांब, दगडी चौक व विहिरीची कडी यांची यादी खरेदीखतास जोडून घ्यावी.

पैशाचा हिशेब तितकाच थंड डोक्याने करावा. समजा, वाडा व दोन एकर जमीन मिळून ३० लाख रुपये मागितले आहेत. हीच रक्कम दरसाल दरशेकडा ७ च्या व्याजाने ठेवली तर वर्षास २ लाख १० हजार, म्हणजे महिन्यास १७,५०० रुपये घरबसल्या मिळाले असते. दोन एकरांतून सर्व खर्च वजा जाता इतके उरेल काय, हा प्रश्न स्वतःस विचारावा. कोरडवाहू ज्वारी-तुरीवर ते उरणार नाही. भाजीपाला, शेवगा, लिंबू, चार शेळ्या, दोन दुभती जनावरे, परसात कोंबड्या अशी जोड मिळाली, घरचेच हात राबले आणि जवळ बाजारपेठ असली तरच तोंडमिळवणी होईल. यास्तव आमचे मत असे की, आपल्या एकूण पुंजीच्या निम्म्याहून अधिक रक्कम या व्यवहारात घालू नये. शहरातील राहते घर तारण ठेवू नये. मुलांच्या शिक्षणाच्या पैशास तर बोटही लावू नये, कारण शिक्षण ही आपली पहिली जमीन आहे आणि तिच्यावर दुष्काळ पडत नाही.

ज्या बांधवांजवळ पुंजी नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने २००४ पासून सबलीकरण व स्वाभिमान योजना चालू आहे. तीत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास ४ एकर जिरायती किंवा २ एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. आरंभी निम्मी रक्कम कर्जाऊ होती. २०१८ पासून ती संपूर्ण अनुदान झाली आणि जमिनीच्या किमतीस एकरी जिरायती ५ लाख व बागायती ८ लाख अशी मर्यादा घालण्यात आली. या किमतीत पुष्कळ ठिकाणी चांगली जमीन मिळत नाही ही खरी अडचण आहे, आणि मर्यादा वाढवून मागणे हे आपल्या संघटनांचे काम आहे. पण ज्या तालुक्यांत अशी पडीक जमीन विक्रीस आहे, तेथे मालकास समाजकल्याण कचेरीपर्यंत नेणे हे काम गावचा एखादा शिकलेला तरुणही करू शकेल. बाबासाहेबांच्या नावाने २०१७ पासून चालू झालेल्या कृषी स्वावलंबन योजनेत नवी विहीर व जुन्या विहिरीची दुरुस्ती यांस साहाय्य मिळते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांसही अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या आहेत. धर्मांतरामुळे आपला हक्क गेला असे कोणी कचेरीत सांगू लागला तर त्यास हे वर्ष सांगावे.

गावात गेल्यावर त्रास होणार नाही असे आम्ही म्हणत नाही. वाड्यात 'हे लोक' राहावयास आले हे काहींस रुचणार नाही. कोणी पाणी तोडील, कोणी बांध कोरील. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जातीच्या मनुष्यास जमिनीवरून हुसकावणे अथवा जमिनीच्या वा पाण्याच्या उपभोगात अडथळा आणणे हा गुन्हा ठरविला आहे. तो कायदा हाताशी असावा, पण उठल्याबसल्या त्याची धमकी देऊ नये. शक्य असेल तर एकट्या कुटुंबाने जाण्यापेक्षा दोन-तीन नातलग कुटुंबांनी लगतच्या जमिनी घ्याव्यात. विहीर एक, मोटार एक, अवजारे सामाईक. सामुदायिक शेतीचे बाबासाहेबांचे स्वप्न राज्याने पुरे केले नाही. तीन भाऊ एकत्र येऊन त्याचा एक अंश तरी आपल्या बांधावर उतरवू शकतात.

आणि आता शेवटची, पण आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वाडा म्हणजे नुसती दगडमाती नव्हे. त्याच्या रचनेतच उच्चनीच भाव बांधलेला आहे. ढेलजेपर्यंत कोणी यावे, ओसरीवर कोणी बसावे, माजघरात कोणी शिरावे याची पायरीपायरीने आखणी केलेली आहे. तो वाडा आपण घेतला आणि त्याबरोबर ती आखणीही घेतली, तर आपण काय मिळविले? आपल्या शेतावर येणाऱ्या मजूर बाईस, मग ती मातंग असो, पारधी असो की मराठा असो, आपण अंगणातच उभे केले आणि ठरल्या मजुरीपेक्षा कमी दिले, तर जुना मालक गेला व नवा आला एवढेच घडले. ज्या तथागताने माणसाची योग्यता जन्मावर नव्हे तर कर्मावर ठरविली, त्याच्या उपासकाच्या घरी सर्वांना एकाच ओसरीवर, एकाच पेल्यातून चहा मिळाला पाहिजे. ढेलजेची खोली गावच्या सर्व मुलांसाठी वाचनालय करावी. खरेदीखतावर पतीबरोबर पत्नीचे नाव घालावे. सातबाऱ्यावर तिचे नाव पाहून गावातील दहा बायका आपल्या नवऱ्यांस प्रश्न विचारू लागतील, आणि तो लाभ दोन एकरांच्या पिकाहून मोठा आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, वाडा घ्यावा की न घ्यावा याचे आमचे उत्तर असे आहे. कागद निर्वेध असेल, वैशाखात विहिरीला पाणी असेल, शेतास वाट असेल, छप्पर डोक्यावर पडणारे नसेल आणि खरेदीनंतर हाती तीन वर्षांची शिदोरी उरत असेल, तर अवश्य घ्या, निर्भयपणे घ्या. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर त्या वाड्यात आपल्या आजोबांचा कितीही अपमान झालेला असो, त्यास लांबूनच पाहून परत फिरा. आजोबांच्या अपमानाची भरपाई पडक्या भिंती विकत घेऊन होत नसते. नातवंडे कर्जाशिवाय, भीतीशिवाय आणि कोणालाही हीन न लेखता आपल्या जमिनीवर ताठ उभी राहिली, म्हणजे ती होते. जय भीम!